डुकरांसाठी स्वयंचलित खाद्य-पाणी यंत्रणा : आराखड्याची सुरुवात गव्हाणीपासून करावी

प्रश्न थोडक्यात असा आहे. वाढीच्या सुमारे २०० डुकरांच्या शेडसाठी खाद्य आणि पाणी देणारी स्वयंचलित यंत्रणा स्वतःच तयार करायची आहे. मायक्रोकंट्रोलरच्या (प्रोग्राम घालता येणाऱ्या छोट्या नियंत्रक चिपच्या) साहाय्याने दिवसातून ठरावीक वेळी मोटर चालवून खाद्य सोडायचे, सोलेनॉइड झडप, म्हणजे विजेने उघडणारी-मिटणारी झडप, उघडून पाणी सोडायचे आणि गव्हाणीतील पातळी अल्ट्रासॉनिक सेन्सरने, म्हणजे ध्वनिलहरींनी अंतर मोजणाऱ्या सेन्सरने, मोजायची, असा आराखडा प्रश्नकर्त्याने मांडला आहे; या कामासाठी कोणता सेन्सर चांगला, एवढेच त्यांनी विचारले आहे. सेन्सरचे उत्तर मी शेवटी देणार आहे, कारण अशा यंत्रणेत तो खरोखरच शेवटचा निर्णय असतो. त्याआधी आराखड्यातील दोन-तीन गोष्टी बदलाव्या लागतील, आणि त्यांतली पहिली म्हणजे पाण्याच्या नळीवरील ती सोलेनॉइड झडप.

अनेक वर्षे अशा यंत्रणा बसवल्यावर आणि त्याहून जास्त यंत्रणा दुरुस्त केल्यावर माझे मत असे झाले आहे की, आराखडा सायलोकडून, म्हणजे खाद्य साठवण्याच्या उंच टाकीकडून, गव्हाणीकडे आखू नये. गव्हाणीच्या काठावर टेकलेल्या डुकराच्या नाकाडापासून मागे मागे सायलोपर्यंत आखत जावे. कोंबडी यंत्रापुढे खाते, डुक्कर यंत्राला हाताळते. ते नाकाडाने उकरते, उचलते, ढकलते, दातांनी ओढते, आणि कोणताही भाग थोडा जरी हलला तरी तो पूर्ण निखळेपर्यंत त्याच्याशी खेळत राहते. त्याच्या या सवयी गृहीत धरून रचना केली, तर तेच डुक्कर स्वतः दांडी हलवून आपल्यापुरते खाद्य पाडून घेते आणि आपला बराच खटाटोप वाचतो. गृहीत धरल्या नाहीत, तर उत्तम मोटरसुद्धा आठवडाभरात निरुपयोगी ठरते.

प्रथम पाणी. डुकरांना पाणी वेळापत्रकाने देऊ नये. ते अहोरात्र, मागताक्षणी मिळाले पाहिजे. खाद्य अर्धा दिवस बंद पडले तर नुकसान होते : भुकेलेली डुकरे एकमेकांच्या शेपट्या आणि कान चावू लागतात आणि असे वारंवार घडल्यास जठरात व्रण होतात. पाणी बंद पडणे मात्र थेट जिवावर बेतते. खाद्यातील मिठाचे प्रमाण अगदी योग्य असले, तरी पाणी न मिळालेल्या डुकराच्या शरीरात आणि मेंदूत सोडियम साठत जाते. त्यानंतर एकदम भरपूर पाणी मिळाले की ते पाणी मेंदूत ओढले जाऊन मेंदूला सूज येते. मग डुकरे आंधळ्यासारखी भिंतीला धडकतात, कुत्र्यासारखी बसतात, मान मागे टाकून मागे मागे सरकतात आणि त्यांना झटके येतात. म्हणून पाणी दीर्घकाळ बंद राहिल्याचे लक्षात आले, तर घाबरून सगळे नळ एकदम उघडू नयेत. थोडे थोडे पाणी वारंवार द्यावे आणि पशुवैद्याला तातडीने बोलवावे. वीज गेल्यावर किंवा प्रोग्राम अडकल्यावर बंद राहणारी झडप या नळीवर असणे म्हणजे या अपघाताला निमंत्रण देणे होय. झडप ठेवायचीच असेल, तर वीज नसताना उघडी राहणारी ठेवावी, आणि तिला वळसा घालणारी हाताने उघडता येणारी नळीही ठेवावी. माझ्या मते तिची गरजच नाही, कारण निपल, म्हणजे दांडी दाबली की पाणी सोडणारी पिण्याची तोटी, ही डुकराने स्वतः चालवायची झडपच असते.

निपल निवडताना तो पितळी की स्टेनलेस स्टीलचा याची चर्चा फार होते, आणि त्यातून मिनिटाला किती पाणी येते हा खरा प्रश्न बाजूला राहतो. दूध सोडलेल्या पिलांसाठी मिनिटाला अर्धा ते पाऊण लिटर, वाढीच्या डुकरांसाठी पाऊण ते एक लिटर, विक्रीच्या वजनाकडे आलेल्या डुकरांसाठी एक लिटर किंवा थोडे अधिक, आणि पिलांना पाजणाऱ्या मादीसाठी सुमारे दोन लिटर, हे प्रमाण मी वापरतो. डुक्कर पाण्यासाठी दिवसभरात ठरावीकच वेळ देते. धार बारीक असेल तर ते जास्त वेळ उभे राहून भरपाई करत नाही, कमी पिऊन निघून जाते आणि पाणी कमी झाले की खाणेही कमी होते. पाजणाऱ्या मादीच्या बाबतीत याचा फटका तिच्या दुधाला आणि पर्यायाने पिलांच्या वजनाला बसतो. उलट धार जोरदार असेल तर लहान पिलू तोंडावर पाण्याचा मारा होताच दचकून मागे सरते आणि मोठे डुक्कर निम्मे पाणी जबड्याच्या बाजूंनी सांडते.

हे तपासायला कोणतेही उपकरण लागत नाही. अर्ध्या लिटरची बाटली घ्यावी, निपलची दांडी बोटाने पूर्ण दाबून धरावी आणि बाटली भरायला किती सेकंद लागतात ते मोजावे. ३० सेकंद लागले तर धार मिनिटाला एक लिटर आहे, ६० सेकंद लागले तर अर्धा लिटर. हे मोजमाप ओळीतील पहिल्या निपलवर न करता सर्वांत शेवटच्या निपलवर, तेही त्याच ओळीतील आणखी काही निपल मदतनीसांना दाबून ठेवायला सांगून करावे. एकटा निपल उघडला की सगळेच छान दिसते. दुपारी ऊन चढल्यावर सगळी डुकरे एकाच सुमारास पाण्याला येतात, तेव्हाची स्थिती वेगळी असते.

येथे दाबाचा हिशेब समजून घेणे आवश्यक आहे. पाण्याच्या १० मीटर उंचीमागे साधारण १ बार दाब मिळतो. म्हणजे निपलपेक्षा ३ मीटर उंच ठेवलेल्या टाकीतून मिळणारा दाब जेमतेम ०.३ बार असतो. निपलमधील प्रवाह दाबाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात बदलतो. म्हणून २ बार दाबाला मिनिटाला एक लिटर देणारा निपल या टाकीवर जोडला, तर तो मिनिटाला साधारण ४०० मिलिलिटरच देईल. मोटर आणि दाबटाकीवर चालणाऱ्या शेडमधले निपल काढून गुरुत्वाकर्षणावर चालणाऱ्या टाकीला बसवले जातात आणि डुकरे वाढत का नाहीत याचे कारण खाद्यात शोधले जाते, हा प्रकार मी इतक्यांदा पाहिला आहे की आता मी चौकशीआधी बाटलीच काढतो. कमी दाबासाठी मोठ्या छिद्राचे निपल मिळतात. अनेक निपलांमध्ये छिद्राची चकती बदलण्याची सोयही असते. दाब जास्त असेल तर प्रत्येक दालनाच्या तोंडाशी दाब नियंत्रक बसवावा. पिलांच्या दालनात दीड बारच्या आतच राहावे.

उंची ठरवताना कप्प्यातील सर्वांत लहान डुक्कर प्रमाण मानावे. भिंतीतून सरळ बाहेर येणारा निपल त्याच्या खांद्याच्या उंचीवर, आणि खाली ४५ अंशांत झुकलेला निपल पाठीच्या रेषेपेक्षा सुमारे ५ सेंटिमीटर वर असावा. डुक्कर मान किंचित वर करून पिते, तेव्हा पाणी घशात जाते. निपल खाली असेल तर ते तोंड आडवे करून दांडी चावते आणि पाणी कानाजवळून जमिनीवर ओघळते. ३० किलोच्या डुकराला सरळ निपल साधारण ४५ सेंटिमीटर उंचीवर लागतो, १०० किलोच्या डुकराला ६५ सेंटिमीटरच्या आसपास. म्हणून निपलची उभी नळी सरकवता येईल अशा कड्यांमध्ये बसवावी, किंवा दोन उंचींवर दोन निपल द्यावेत. भरपेट खाद्यावरच्या गटात दर १० ते १५ डुकरांमागे एक निपल पुरतो, वेळेवर मोजून खाद्य देत असाल तर दर १० डुकरांमागे एक; तरीही कप्पा कितीही छोटा असला, तरी निपल दोन हवेत. एक तुंबला तर दुसरा चालू राहतो, आणि एका दांडगट डुकराला दोन्ही अडवता येत नाहीत. मात्र दोघांत एका डुकराच्या रुंदीपेक्षा जास्त अंतर ठेवावे. शेजारी शेजारी लावलेले दोन निपल व्यवहारात एकच असतात.

पाण्याची जागा निवडताना डुकराची स्वच्छतेची सवय कामी येते. डुक्कर कोरड्या, उबदार जागी झोपते आणि ओल्या, गार कोपऱ्यात घाण करते. त्यामुळे निपल निचऱ्याच्या किंवा जाळीदार फरशीच्या बाजूला आणि कोरडे खाद्य विश्रांतीच्या बाजूला ठेवले की शेडची अर्धी साफसफाई डुकरेच करतात. हीच मांडणी उलटी झाली, तर झोपायची जागा ओली राहते आणि नंतर कितीही धुतले तरी ती सवय मोडत नाही.

निपल की वाटी, या वादात दोन्ही बाजूंना तथ्य आहे. वाटीत सांडलेले पाणी पुन्हा प्यायले जाते, म्हणून नासाडी बरीच कमी होते, आणि दूध सोडलेल्या पिलांना उघडे पाणी दिसत असल्याने ती लवकर शिकतात. पण वाटीत खाद्य आणि विष्ठा पडते आणि ती रोज पाहावी लागते. निपल स्वच्छ राहतो, पण सांडतो. २०० डुकरांनी प्रत्येकी दिवसाला ३ लिटर पाणी सांडले, तर महिन्याला १८,००० लिटर पाणी मलमूत्राच्या टाकीत जाते, आणि ते उपसून वाहून नेण्याचे कामही आपल्यालाच करावे लागते. पिलांसाठी वाटी आणि मोठ्यांसाठी योग्य उंचीचा निपल, ही माझी निवड आहे. तरंगत्या गोळ्याची झडप डुकराच्या तोंडापुढे उघडी ठेवण्याचा विचार मात्र मनातून काढून टाकावा. समपातळीची गव्हाण करायचीच असेल, तर गोळा भिंतीपलीकडच्या बंद पेटीत ठेवून फक्त नळीने पाणी गव्हाणीत आणावे.

पाइपलाइनबद्दल थोडक्यात सांगतो. २०० डुकरांना दिवसाला प्रत्येकी ८ लिटर धरले, तर १,६०० लिटर पाणी लागते. धुण्याचे पाणी यात धरलेले नाही आणि ते वेगळ्या नळीनेच घ्यावे. निदान एका पूर्ण दिवसाचा साठा उंचावर असावा, म्हणजे पंप बिघडला तर विचार करायला वेळ मिळतो. मुख्य नळी शेडभोवती वळसा घालून पुन्हा स्वतःला मिळावी, म्हणजे पाणी दोन्ही बाजूंनी येते आणि बंद टोकाला साचत नाही. टाकीनंतर गाळणी, मग पाण्याचा मीटर, मग औषध मिसळण्यासाठी वळणनळी असा क्रम ठेवावा. नळीच्या आत बुळबुळीत थर धरतो, विशेषतः गोड किंवा जीवनसत्त्वयुक्त औषधे दिल्यानंतर. म्हणून सर्वांत खालच्या जागी धुण्याची तोटी ठेवावी आणि प्रत्येक गट गेल्यावर सगळी लाइन जोराने धुऊन घ्यावी. उन्हात पडलेल्या काळ्या नळीतले पाणी इतके तापते की ऐन तहानेच्या वेळी डुकरे त्याला तोंड लावत नाहीत. आणखी एक गोष्ट फारशी कोणी सांगत नाही : एखाद्या कप्प्यातील डुकरे निपलपाशी येऊन दचकून मागे फिरत असतील, तर पाण्याची चव तपासण्याआधी नळी आणि जमीन यांच्यात व्होल्टमीटर लावावा. सदोष अर्थिंगमुळे नळीत उतरलेले काही व्होल्टही ओल्या नाकाडाला जाणवतात.

आता खाद्य. येथेही गव्हाणीपासूनच सुरुवात करावी लागेल. १०० किलोच्या डुकराचे खांदे साधारण ३० सेंटिमीटर रुंद असतात. त्यावर दहावा भाग मोकळीक धरून एका जागेची रुंदी ३३ ते ३६ सेंटिमीटर ठेवावी. कोरड्या भरड्यावर, दिवसभर खाद्य उपलब्ध असेल तर, अशा एका जागेवर चार ते पाच डुकरे आरामात भागतात. गव्हाणीतच निपल असलेल्या ओल्या-कोरड्या फीडरवर (खाद्यपात्रावर) डुक्कर लवकर खाऊन बाजूला होते, म्हणून तेथे एका जागेवर दहाच्या आसपास डुकरे चालतात. अशा फीडरमध्ये डुकरे जास्त खातात आणि पाणी कमी सांडते, त्यामुळे वाढीच्या डुकरांसाठी मला तो आवडतो. पण त्यातला निपल म्हणजे त्या कप्प्यातले सगळे पाणी असे समजू नये. स्वतंत्र निपल हवाच, कारण फीडर दांडगट डुकराच्या ताब्यात असताना तहानलेले डुक्कर कोठे जाणार? दोन जागांमधला आडोसा फक्त नाकापुरता न ठेवता खांद्यापर्यंत आणावा. डुकरे शेजाऱ्याच्या खांद्याला आणि कानाला चावून त्याला हुसकावतात आणि तो हुसकावला गेला की त्याच्या तोंडातला घास जमिनीवर सांडतो.

नासाडी बहुतेक वेळा येथेच होते. २०० डुकरे, प्रत्येकी अडीच किलो आणि सांडण्याचे प्रमाण ५ टक्के धरले, तर रोज २५ किलो खाद्य फरशीच्या फटींतून खाली जाते, आणि ते दिसत नाही म्हणून खटकतही नाही. गव्हाणीचा पुढचा काठ मोठ्या डुकरांसाठी १५ ते २० सेंटिमीटर उंच आणि आतल्या बाजूला वळवलेला असावा. खाद्य पडण्याची फट अशी ठेवावी की, डुकरे खाऊन गेल्यावर गव्हाणीचा तळ साधारण निम्मा झाकलेला आणि निम्मा उघडा दिसेल. पूर्ण झाकलेला तळ म्हणजे उकरून सांडणे, आणि पूर्ण उघडा तळ म्हणजे उपाशी डुकरे. नव्या पिलांना सुरुवातीचे काही दिवस थोडे जास्त झाकलेले चालते, पण नंतर फट कमी करायला विसरू नये. ही फट हत्याराशिवाय, एका हाताने बदलता आली पाहिजे. पाना शोधावा लागला की कोणीही ती बदलत नाही, हे मी अनुभवाने सांगतो.

गाभण मादींचे गणित याहून पूर्ण वेगळे आहे आणि प्रश्नात त्यांचा उल्लेख नसला तरी पुढे-मागे तो येईलच. त्यांना मोजून खाद्य द्यायचे असते, म्हणून सगळ्यांना एकाच क्षणी मिळाले पाहिजे. पहिल्या मादीसमोर खाद्य पडले आणि दहावीसमोर पडायला दोन मिनिटे लागली, तर त्या दोन मिनिटांत मारामारी होते. यासाठी प्रत्येक जागेवर मोजमापाचे डबे असतात. खाद्य वाहून आणणारी नळी ते सगळे आधी सावकाश भरते आणि मग एकच दोर किंवा दांडी ओढून सर्वांचे तळ एकदम उघडले जातात. कानातील इलेक्ट्रॉनिक बिल्ला ओळखून एकेका मादीला तिचे खाद्य देणारी केंद्रेही असतात. ५० ते ६० मादींना एक केंद्र पुरते, पण तरुण मादींना त्यातून जाण्याचे शिक्षण द्यावे लागते आणि ते काम यंत्र करत नाही.

फीडरच्या नरसाळ्याबद्दल, म्हणजे गव्हाणीवरच्या खाद्य साठवणाऱ्या निमुळत्या भागाबद्दल, थोडे सविस्तर लिहितो, कारण नवख्या आराखड्यांतील सर्वांत मोठी चूक येथे असते. मी केलेला पहिला फीडर दिसायला देखणा होता. पत्रा कमी लागावा म्हणून त्याच्या भिंतींना मी ४५ अंशांचा उतार दिला होता आणि चाचणीच्या दिवशी कोरडा, ताजा भरडा पाण्यासारखा वाहिला. पंधरा दिवसांनी, दमट हवा सुरू झाल्यावर, सकाळी शेडजवळ पोहोचण्याआधीच डुकरांचा आरडाओरडा ऐकू आला. फीडर काठोकाठ भरलेला होता आणि गव्हाण चाटून पुसून कोरडी होती. आत हात घातला तेव्हा तोंडावर खाद्याची भक्कम कमान बसलेली हाताला लागली. खाली पोकळी, वर ४० किलो भरडा. मालकाने त्यावर उपाय म्हणून एक लाकडी हातोडा फीडरशेजारी टांगून ठेवला. तेव्हापासून कोणत्याही शेडमध्ये गेलो की मी आधी नरसाळ्याच्या पत्र्यावर हातोड्याच्या खुणा आहेत का ते पाहतो. खुणा असतील तर उतार चुकलेला आहे.

बारीक दळलेल्या भरड्यासाठी नरसाळ्याच्या भिंती जमिनीशी निदान ६० अंशांच्या असाव्यात, आणि कोपऱ्याच्या रेषेचा उतार भिंतीपेक्षा नेहमीच कमी असतो, म्हणून मोजायचा तो कोपरा. एक भिंत पूर्ण उभी ठेवून तोंड मधोमध न ठेवता एका बाजूला घेतले, तर कमान सहज धरत नाही, कारण कमानीला दोन्ही बाजूंना सारखा आधार लागतो. दळण जितके बारीक तितके पचन चांगले, हे खरे आहे. पण अति बारीक भरडा वाहत नाही, धूळ उडवतो आणि डुकरांच्या जठरात व्रण करतो, म्हणून चाळणी निवडताना खाद्यतज्ज्ञाबरोबर यंत्रणा बसवणाऱ्यालाही विचारावे. खाद्यात तेल किंवा चरबी मिसळत असाल तर उतार आणखी वाढवावा. तोंडाशी डुकराच्या दांडीने हलणारी सळई दिली, तर खाद्य हलते राहते आणि त्यासाठी मोटर लागत नाही.

फीडरपर्यंत खाद्य नेण्याचे दोन मार्ग प्रचलित आहेत : नळीत फिरणारे लवचिक मळसूत्र, म्हणजे ऑगर, आणि नळीतून फिरत राहणारी चकत्यांची साखळी. शेड लांब आणि सरळ असेल, वळणे एक-दोन आणि मोठ्या त्रिज्येची असतील, तर ऑगर स्वस्त आणि सोपा पडतो. कोपरे अनेक असतील आणि शेडभोवती पूर्ण फेरी मारायची असेल, तर साखळी घ्यावी; तिला प्रत्येक कोपऱ्यावर चाक लागते आणि पहिल्या महिन्यात ती ताणली जाऊन सैल पडते, म्हणून ताण देणारी जागा आणि साखळी सैल पडल्यास मोटर थांबवणारा स्विच हवाच. ऑगर रिकामा फिरत ठेवू नये. खाद्य नसताना तो नळीची भिंत आतून खरवडून काढतो. तीन फेजची मोटर असेल तर फेजचा क्रम तपासणारा रिले लावावा, कारण दुरुस्तीनंतर तारा अदलाबदल होऊन मोटर उलटी फिरली, तर ऑगर खाद्य मागे ढकलून स्वतःच वाकतो.

क्षमतेचा हिशेब साधा आहे. २०० डुकरे दिवसाला जास्तीत जास्त प्रत्येकी ३ किलो खातील, म्हणजे ६०० किलो. तासाला १ टन वाहून नेणारा ऑगर हे काम ३६ मिनिटांत करतो, म्हणून याहून मोठा घेण्याचे कारण नाही. दहा दिवसांच्या साठ्यासाठी ६ टन खाद्य लागेल. भरड्याचा घनमीटर साधारण ६०० किलो भरतो, म्हणून सायलो निदान १० घनमीटरचा आणि वर थोडा मोकळा असावा. एका मोठ्या सायलोऐवजी दोन छोटे बरे, कारण एक रिकामा करून आतून झाडता येतो. भिंतीला चिकटून राहिलेल्या जुन्या खाद्याला बुरशी लागते आणि नवे खाद्य त्यावरूनच घसरत येते. पावसाचे पाणी बहुधा वरच्या झाकणातून न येता तळाच्या जोडाच्या फटीतून शिरते. तेथे दगडासारखी ढेप तयार झाली की ऑगर बंद.

साहित्याबाबत : गव्हाणीचा तळ आणि काठ स्टेनलेस स्टीलचाच घ्यावा, कारण लाळ, मीठ आणि मूत्र मिळून साधा पत्रा वर्षभरातच खातात. डुकराच्या तोंडापर्यंत येणारी प्लॅस्टिकची नळी लोखंडी नळीच्या आत ठेवावी. बोल्टची गोल डोकी डुकराच्या बाजूला आणि नट बाहेरच्या बाजूला असावेत. पिलाचे डोके आत जाईल पण बाहेर येणार नाही अशी फट कोठेही राहू देऊ नये. ती शोधायला डोळे पुरत नाहीत, पिलाच्या डोक्याएवढा चेंडू घेऊन सगळीकडे फिरवून पाहावा. नियंत्रण पेटी कप्प्यांच्या दालनात ठेवूच नये. अमोनियाने तांब्याचे संपर्क गंजतात, धूळ पंख्यात जाते आणि उंदीर तारा कुरतडतात. पेटी बाहेरच्या खोलीत आणि कप्प्यापर्यंत फक्त २४ व्होल्टच्या तारा, असे ठेवावे.

आता सेन्सर. गव्हाणीवर अल्ट्रासॉनिक सेन्सर लावू नये : भरड्याची धूळ त्याच्या तोंडावर बसते, डुकराचे डोके मधे येते आणि तो कधी गव्हाण भरली म्हणतो, कधी रिकामी. पातळी मोजायची ती गव्हाणीत न मोजता ओळीतील शेवटच्या फीडरच्या उतरत्या नळीत, आणि त्यासाठी कपॅसिटिव्ह सेन्सर, म्हणजे समोर खाद्य आले की विद्युत धारकतेतील बदलावरून ते ओळखणारा सेन्सर, योग्य आहे. शेवटचा फीडर भरला की आधीचे भरलेलेच असतात, म्हणून एकच सेन्सर पुरतो. पण या एका सेन्सरवर विसंबू नये. तो धुळीने माखून कायम ‘भरले’ सांगू लागला तर डुकरे उपाशी राहतील, आणि कधीच ‘भरले’ सांगितले नाही तर ऑगर चालतच राहील. म्हणून प्रोग्राममध्ये दोन मर्यादा घालाव्यात : ठरावीक मिनिटांपेक्षा जास्त मोटर चालली तर ती थांबून भोंगा वाजावा, आणि ठरावीक तासांत मोटर एकदाही सुरू झाली नाही तरीही भोंगा वाजावा. दुसरी मर्यादा जवळजवळ सगळेच विसरतात, आणि उपासमार नेमकी तेथेच होते. भोंग्याला स्वतःची बॅटरी हवी, आणि मोटरचा ओव्हरलोड रिले, म्हणजे जास्त भार आल्यास ती बंद करणारा स्विच, प्रोग्रामपासून स्वतंत्र हवा.

हाती थोडा निधी उरला असेल, तर तो सायलोच्या पायांखालच्या लोडसेलवर (वजन मोजणाऱ्या सेन्सरवर) आणि पाण्याच्या मीटरवर खर्च करावा. लोडसेल रोजचा खप सांगतात, खाद्य किती दिवस पुरेल ते सांगतात, आणि मोटर चालू असूनही वजन उतरत नसेल तर आत कमान धरली आहे हेही सांगतात. पाण्याचा मीटर तासागणिक नोंदवला, तर दिवसाचा एक ठरावीक आकार दिसतो : पहाटे थोडे, दुपारनंतर शिखर, रात्री जवळजवळ शून्य. रात्री दोन वाजताही मीटर संथपणे फिरत असेल, तर कोठेतरी गळती आहे. खाद्याचा आकडा तसाच असताना पाण्याचा आकडा आदल्या दिवसापेक्षा स्पष्टपणे घसरला, तर निपल तपासावेत, आणि ते ठीक असतील तर डुकरांचे तापमान घ्यावे, कारण आजारी डुक्कर दिसण्याआधी बऱ्याचदा हा आकडा बदलतो.

अल्ट्रासॉनिक सेन्सर आधीच विकत घेतले असतील, तर ते मात्र वाया जाणार नाहीत. ते जलरोधक असतील, तर एक पाण्याच्या टाकीच्या झाकणाला आतून बसवावा; तेथे धूळ नाही आणि डुकराचे नाकाडही पोहोचत नाही. टाकी निम्म्याच्या खाली गेली की भोंगा वाजेल अशी जोडणी करावी आणि ती डुकरे आणण्याच्या आधी, टाकी खरोखर निम्मी रिकामी करून तपासावी.